निळ्या माशाचा चिल्ला

सरदार शेख तपासल्याबिगर पाण्याचा घोटबी गिळत न्हाय, असं ढोकीत म्हणत्यात, अन् ते खोटं न्हाय. एकतीस गाळपं त्यानं कारखान्याच्या लॅबमधी उसाचा रस तपासण्यात घालवली. रिटायर झाला तवा हाताला दुसरं काहीच गोड लागंना. मग त्यानं पुढच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी बसवली अन् तिच्यात समुद्र भरला.

समुद्र म्हंजी मिठासकट. बोअरचं पाणी आधी मशीनमधून काढून त्यातले क्षार पार शून्यावर आणायचे, मग त्यात पाकिटातलं समुद्राचं मीठ कालवायचं अन् खारटपणा मोजायचा काटा बुडवून बघायचा. उन्हाळ्यात टाकी आटली की वरून गोडच पाणी घालायचं, कारण आटतं ते पाणी. मीठ हाय तिथंच ऱ्हातं. शेजारच्या हरणाबाई दारातनं बघायच्या अन् गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमी घागर घिऊन टँकरच्या मागं पळायचं, अन् ह्यो बाबा खारं पाणी गोड करतोय, गोड झालं की फिरून खारं करतोय! ह्याला कुणीतरी कामाला लावा गं."

त्या टाकीत नारंगी माशांची एक जोडी होती, अंगावर पांढरे पट्टे. आठ वर्सांची. मादी थोराड. सरदारनं काचेला बोट लावलं की बोटापाशी येऊन उभी ऱ्हायची. त्याची बायको मैमुना तिला बेगम म्हणायची, अन् चिडली की "बेगमलाच वाढायला सांगा" म्हणून भाकरीचं टोपलं झाकून ठिवायची.

बेगमच्या पाण्यात नवा मासा थेट सोडायचा न्हाय, हा ह्या घरातला कायदा. मागच्या खोलीत एक टब होता. नव्यानं तिथं चाळीस दिस एकट्यानं काढायचे, मोजून घातलेल्या तांब्याच्या औषधात. अंगात रोग असला तर टबातच निकाल लागतो. मोठ्या टाकीत हे औषध घालता येत न्हाय. दगडाला चिकटलेले बारके जीव त्यानं मरत्यात. बाळंतीण चाळीस दिस वेगळी ऱ्हाती, तसंच की हे, म्हणून मैमुनानं त्याला नाव ठिवलं चिल्ला.

हा कायदा सरदारनं एकट्यानं केला नव्हता. माशांचा नादच मुळात गोरोबानं लावला. गोरोबा लॅबमधी त्याच्याच टेबलावरचा. एकतीस वर्सं दोघांचा डबा एका जागी उघडला. आता तो धाराशिवला ऱ्हायला गेल्ता अन् त्याच्या घरीबी अशीच टाकी होती.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला दुपारी गोरोबा एसटीनं आला. हातात थर्माकोलचा डबा. डब्यात पाण्याची पिशवी, अन् पिशवीत शाई सांडावी तसा निळाशार मासा, शेपटी पिवळी.

"घे. पोरीनं पुण्याहून आणलाय. चिल्ला माझ्याकडंच झाला, काल चाळीस भरले. हे पाणी बी टबातलंच हाय."

सरदारचा हात सवयीनं तपासणीच्या बाटलीकडं गेला. पिशवीतल्या पाण्यात तांबं असलं तर थेंब पडल्यावर रंग निळा होतो. दोन मिन्टाचं काम.

"काय करायलास?" गोरोबा म्हणला.

"काय न्हाय, आपलं दोन थेंब..."

"तू काढलेल्या आकड्यावर म्या एकतीस वर्सं न बघता सही केली. आता बस, माझी परीक्षा घे. भाबी, ह्याला रिटायर कुणी केलं ओ?"

"कारखान्यानं," आतनं मैमुना म्हणली. "घरानं अजून न्हाय केलं."

तिघंबी हसले. सरदारनं बाटली ठिवून दिली. तासभर पाण्याला पाणी मिळवून निळा मासा टाकीत सोडला. संध्याकाळी गोरोबाला स्टँडपर्यंत घालवायला गेला अन् एसटी हलेपर्यंत थांबला. हे त्याचं नेहमीचं.

नवव्या दिशी बेगमच्या अंगावर साखरेचे दाणे दिसले. सरदारनं चष्मा पुसला. दाणे ऱ्हायलेच. निळा मासा दगडाला अंग घासत होता. सरदारनं आधी सोताचीच चूक हुडकली: मीठ तपासलं, मशीन तपासलं, पाण्याची ऊब तपासली. सगळं बरोबर. सगळे मासे जाळीनं धरून टबात औषधात घातले, पण उशीर झाल्ता. आधी निळा गेला. तिसऱ्या दिशी बेगम. मैमुनानं तिला परसात लिंबाखाली पुरलं, हात धुतले अन् भाकरी थापायला बसली. त्या दिशी टोपलं झाकलं न्हाय. नारंगी नर तेवढा वाचला.

तरीबी सरदारच्या मनात गोरोबाविषयी काही आलं न्हाय. उलट त्याला घोर लागला, रोग गोरोबाच्या टबातबी असंल, त्याची टाकी जाईल. सांगावं म्हणून पहिल्या गाडीनं धाराशिवला गेला.

गोरोबा आंघोळीला गेल्ता. सुनेनं चहा टाकला. सरदार उगं मागच्या पडवीत गेला. तिथं पांढरी बादली होती. बादलीत दुसरा निळा मासा, तसाच, पिवळ्या शेपटीचा, धडधाकट. अन् बादलीवर चिकटपट्टी. चिठ्ठीबिगर सॅम्पल ठिवायचं न्हाय, ही लॅबची सवय. गोरोबाचंच अक्षर: 'निळा. चिल्ला सुरू १२ फेब्रुवारी.'

गोरोबा डोकं पुसत आला अन् तिथंच थांबला.

"दोन होते व्हय?" सरदार म्हणला.

"एका बादलीत ऱ्हाईनात रं. एकमेकाला फाडायला लागले. बादली एकच."

"माझा टब मोकळा होता."

"बिनचिल्ल्याचा तू घेतला नसतास."

"घेतला असता. टबात घेतला असता."

गोरोबानं टॉवेल खांद्यावर टाकला, काढला, फिरून टाकला. "म्हणलं, एका माशानं काय होतंय."

"माझ्या टाकीला काय होतंय, असं म्हण. तुझ्या टाकीसाठी बादली लावलीसच की. बेगम गेली."

"मासाच होता, सरदार."

सरदार आत आला. कपातल्या चहावर साय धरली, तो तसाच ठिवून निघाला.

मोठ्या टाकीत मासा नसला की रोग उपाशी मरतो, पण त्याला अडीच महिने लागत्यात. सरदार रोज सकाळी त्या रिकाम्या पाण्यात काटा बुडवायचा. हरणाबाई दारातनं बघायच्या अन् घागर घिऊन पुढं जायच्या.

मार्चच्या शेवटी गोरोबा आला. तसाच डबा. "चाळीसच्या वर दोन दिस झाले. चिठ्ठी बघ."

सरदारनं चिठ्ठी बघितली न्हाय. पिशवीतलं पाणी नळीत घेतलं अन् गोरोबाच्या समोर एकेक थेंब मोजून टाकला. गोरोबा भिंतीकडं बघत बसला. पाणी निळं झालं.

"खरं निघालं का न्हाय?"

"निघालं."

मग सरदार पिशवी घिऊन मागच्या खोलीत गेला. टबात नारंगी नर होता. त्यानं कोपऱ्यातल्या दोन बादल्यांतली एक पुढं ओढली अन् पट्टीवर आजची तारीख घातली.

दारातनं गोरोबा म्हणला, "फिरून चाळीस? माझ्याकडं झाले की."

"तुझ्याकडं झाले. माझ्याकडं दोन बादल्या हायत."

मैमुनानं चहा दिला. गोरोबानं तो उभ्यानं पिला. एसटीला अजून पाऊण तास होता. "येतो, भाबी," म्हणला.

सरदार औषध मोजत होता. तो बाहेर आला न्हाय.