पानांचा आवाज

उद्या माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सून डोळ्यात औषध टाकते, त्याचा कडवटपणा घशात उतरतो आणि आप्पांची, माझ्या वडिलांची, डोळ्यांवरची पट्टी निघाली तो दिवस आठवतो.

बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यातून दापोऱ्याला, गावी परतताना जीपमध्ये माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांना दिसत नव्हतं तेव्हा, रोग पडला म्हणून आम्ही घरामागची केळी उपटून टाकली होती. सांगितलंच नव्हतं. घर आलं. मागे उघडं वावर. मी मान खाली घातली.

"पानं वाजायची बंद झाली, तवाच समजलं," आप्पा म्हणाले. "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

आता मुलगा म्हणतो, "सब ठीक आहे बाबा, टेन्शन नका घेऊ."

तो गेला, की मी कान देऊन ऐकत बसतो.