काळूरामच्या जीपचे बूट

जीपच्या पुढच्या चाकामागं हात घातला आणि बोटांना पांढरा चिखल लागला. वास घेतला. ग्रीस होतं. ग्रीस काळं असतं. पांढरं पडलं म्हणजे त्यात पाणी शिरलं.

"काळूराम, इकडं ये. वाक जरा. हे काय आहे?"

"ग्रीस."

"ग्रीस? ताक आहे हे, ताक! गाडी चालवतोस का पोहायला नेतोस?"

काळूरामनं कानामागची विडी काढली, परत कानामागं ठेवली. दिवाळीनंतर मीच या गाडीला नवे बूट बसवले होते. होळी यायच्या आत दोन्ही फाटून लोंबत होते.

बूट म्हणजे काय ते सांगतो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकाला पोचवणारा दांडा असतो, त्याला आम्ही एक्सल म्हणतो. चाक वळतं, वरखाली होतं, म्हणून दांड्याच्या टोकाला सांधा लागतो, आपल्या खांद्याला असतो तसा. सांध्यात लोखंडी गोळ्या आणि ग्रीस. त्यावर घड्याघड्यांची रबरी पिशवी चढवतात, ती म्हणजे बूट. वस्तू क्षुल्लक आहे. पण फाटला की ग्रीस बाहेर आणि वाळू आत. मग स्टिअरिंग फुल मारलं की चाक कटकट करतं, आणि एखाद्या दिवशी ऐन चढावर सांधा तुटतो.

माझं गॅरेज मुरबाडला, माळशेजच्या रस्त्याला. काळूराम वैशाखरे गावावरून आत, डोंगराच्या वाडीतला. भात, नाचणी आणि ही जुनी फोर बाय फोर जीप, एवढाच त्याचा पसारा. वाडीचा रस्ता नुसता मुरूम आणि सुटे दगड. त्यात मध्ये एक खिंड चढावी लागते. ॲम्ब्युलन्स खाली डांबरी रस्त्यावर थांबते. आजारी माणूस काळूरामच्या जीपमधून खाली येतं, आणि मेलेलं माणूस त्याच जीपमधून वर जातं.

"खरं बोल. पाणी कुठून आलं?"

"मढं नेलं का गाडी नदीत घालावी लागते, मिस्त्री. वाहत्या पाण्यात, चाकं बुडतील एवढी. त्याबिगर जित्तं माणूस बसल काय तिच्यात?"

"इथं आण. प्रेशरनं चकाचक धुऊन देतो."

"नळाच्या पाण्यानं सुतक फिटतं काय कधी?"

मी भाषणं देणारा माणूस नाही. स्मशानातून आलो की मीही अंगणातच आंघोळ करतो. मग गाडीनं करू नये, असं कोणत्या तोंडानं सांगणार? पण राग यायचा तो आलाच. एवढी मेहनत करून बूट बसवायचे आणि यानं ते नदीत बुडवायचे!

"आता एकदम पक्कं करून द्या," काळूराम म्हणाला. "माझी पुतणी भारती बाळंतपणाला आलीय. पहिलटकरीण. डॉक्टरीण बोलली, पोर आडवं हाये, कळ आली का तशीच उचलून आणा. खिंडीत गाडी बसली तर पोरीचं काय व्हईल?"

"मग आधीच ॲडमिट कर की."

"पुढच्या आठवड्यात नेणारच हाये. पण भरवसा काय?"

मग मी दुसऱ्या गाड्या बाजूला लावल्या. बूट शहापूरहून मागवले, जाड रबराचे. चाकं उतरवली, एक्सल बाहेर ओढले, सांधे डिझेलनं धुतले. गोळ्यांवर ओरखडे होते पण सांधा ढिला पडला नव्हता. नशीब म्हणायचं. नवं ग्रीस ठासून भरलं, बूट चढवले, पट्ट्या आवळल्या. जुना बूट टाकून देताना त्याच्या घडीत लाकडाची एक जाड सल घुसलेली दिसली. ती उपटली आणि कचऱ्यात टाकली. माझ्या डोक्यात पाणीच बसलं होतं.

"नीट ऐक," मी काळूरामला दम दिला. "भारती बाळ घेऊन घरी येईपर्यंत गाडी नदीत उतरवायची नाही. मढं न्यायची वेळ आली तर काठावर उभी कर आणि नदीच्याच पाण्यानं धू. पाणी तेच ना?"

"पाणी तेच. पण लोकं काय बोलतील?"

"बोलणाऱ्याला माझ्याकडं पाठव."

काळूराम मान हलवून गेला. थोड्याच दिवसांनी जीप परत गॅरेजच्या दारात. मी वाकून बघितलं. डावा बूट फाटलेला. माझं टाळकंच सरकलं.

"घातलीस ना नदीत? घातलीस ना परत? सांगून सांगून माझी जीभ झिजली!"

"घातली."

"कितीदा?"

"दोनदा. एकदा भारतीला न्यायच्या आधी, एकदा आल्यावर."

"आल्यावर कशाला? मढं होतं का गाडीत?"

"पोर होतं तिचं. मेलेलं."

मी हातातला पाना खाली ठेवला. काळूराम तिथल्या जुन्या टायरवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

वाडीतला एक म्हातारा मुरबाडच्या दवाखान्यात वारला. काळूरामनं त्याचं मढं वर वाडीत पोचवलं आणि मी सांगितलं तसं केलं. गाडी काठावर उभी करून बादल्या ओतल्या, घासून घासून धुतली. वाडीनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भारतीला कळा सुरू झाल्या. यानं जीप दाराशी लावली. भारतीची आई, म्हणजे काळूरामची वहिनी, आडवी उभी राहिली.

"भावजी, गाडी पाण्यातनं काढली काय?"

"काठावर धुतलीय, वयनी. नदीच्याच पाण्यानं."

"पाण्यात घातली का नाय, तेवढं सांगा."

"नाय."

"मग माझी भरल्या पोटाची लेक मढ्याच्या गाडीत नाय बसवायची. काय झालं तर आमी कुणाला विचारायचं?"

आतून भारती ओरडत होती, "बसवा गो मला! कशात पण बसवा!" तिचं कुणी ऐकलं नाही. वहिनी काय वैरीण होती? पोटची पोर होती तिची. भीतीपोटीच अडवत होती.

वाद घालण्यात वेळ जाईल म्हणून काळूराम एकटाच जीप घेऊन सुटला. खाली नदीत घातली, बाहेर काढली, तसाच वर आला. ओली चाकं बघून वहिनीनं स्वतः लेकीला उचलून आत ठेवलं. तोवर बाळाचा हात बाहेर आला होता. डांबरीवर ॲम्ब्युलन्स उभी होती. मुरबाडच्या दवाखान्यातून पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. भारती वाचली. मुलगा होता.

"गाडी कुटं अडली नाय, मिस्त्री," काळूराम म्हणाला. "खिंड एका दमात चढली. तुमचं काम पक्कं होतं."

माझं काम पक्कं होतं! कानाखाली वाजवली असती तरी इतकं लागलं नसतं.

मी चाक उतरवलं. फाटलेल्या बुटाच्या घडीत लाकडाची सल होती. तसलीच, जाड. या वेळी टाकली नाही.

"हे कशाचं रे?"

"घाणेरीच्या झुडपाचं. नदीच्या उताराला रान तोडलंय. खुंटं ऱ्हायलीत."

घ्या! पाण्यानं बूट फाटत नाही. धड बुटात पाणी शिरतही नाही, त्यासाठीच तर तो असतो. उतारावरची तिरकी तोडलेली खुंटं बूट फाडत होती, पाणी त्यानंतर शिरत होतं. आणि मी नदी बंद करून बसलो.

बूट बदलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहार, कुदळ घेऊन काळूरामबरोबर नदीवर गेलो. खुंटं मुळासकट उपटायला घेतली. मोकळ्या झालेल्या उतारावर चपटे दगड बसवत होतो, तेव्हा एक बाई हंडा घेऊन आली. काळूराम हळूच म्हणाला, "वयनी." ती आमच्याकडं बघत राहिली. मग हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि दगड वेचून आणून द्यायला लागली.

फाटलेला बूट बदलता सगळ्यांनाच येतो. तो कशानं फाटला हे बघायला गाडीखालून बाहेर यावं लागतं आणि गाडी जिथं जाते तिथं जावं लागतं. दुपारच्या जेवणापर्यंत आमचं काम आटोपलं होतं. काळूराम अजूनही प्रत्येक मढ्यानंतर जीप नदीत उतरवतो. ते बूट अजून शाबूत आहेत.