सोपटाची गाठ

चोपड्याकडचे आबा जळगाव कोर्टातल्या माझ्या वकिलीच्या टेबलापाशी कधी बसत नाहीत. उभ्याउभ्याच विचारतात, “भाऊ, मनी फाईल शे ना?” त्यांची फाईल जागेवर आहे ना, एवढंच.

त्यांच्या आधीच्या वकिलाने अपिलाची मुदत घालवली, आणि वर दोन वर्षं ‘तारीख पडली’ म्हणून सांगत राहिला. त्याच्यावर दावा लावायला एकही वकील तयार होईना. फाईल मी ठेवून घेतली खरी, पण तो वकील रोज माझ्यासोबत डबा खातो.

काल आबांनी फाईल हातात मागितली. केळीच्या खोडाच्या वाळल्या सालीने, सोपटाने, स्वतःच बांधलेली गाठ बोटांनी चाचपली. सहा महिन्यांत ती कुणी सोडलीच नव्हती. मी उगाच पेनाचं टोपण उघडझाप करत बसलो.

“पुढली तारीख कोनती, भाऊ?” त्यांनी शांतपणे विचारलं.

दावा दाखलच नव्हता. तरी मी एक तारीख सांगून टाकली.