वेढेसरांची फेरी

वेढेसर चुकीच्या उत्तरापेक्षा स्वच्छ उत्तरावर जास्त भडकायचे. एखाद्या विद्यार्थ्याने फळ्यावर नीटनेटकी, जगापासून तोडलेली क्वांटम प्रणाली मांडली की खडू भिंतीवर फुटायचा. "जगात बंद डबा नसतो, गाढवा. बाहेरचं आत शिरतंच."

पुण्यात संशोधन करायचे, भरे गावात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. शुद्ध अवस्था पुस्तकात, म्हणायचे. खरी अवस्था मिश्र, भोवतालच्या खळबळीने गढुळलेली. इतक्या गढुळातही अवस्थेने फिरताना घातलेले वेढे मोजता येतात का आणि ते मोडतात कधी, एवढाच त्यांचा ध्यास. गावाने नाव ठेवलं ते त्यावरूनच.

माझ्या वडिलांना, आबांना, ते ओट्यावर बसून समजावत. "आबा, देवीची पालखी डोंगराला फेरी घालते. दारुडे झोकांड्या खातात, पोरं कुठंही पळतात. फेरी मोडते का?"

"न्हाई. डोंगराला वेढा पडला म्हंजी झालं. पालखी माघारी फिरली तरच मोडली."

"हेच माझं संशोधन."

"आन् ह्याचा पगार देत्यात तुमाला?"

सर ठसका लागेपर्यंत हसले.

बंगल्यांसाठी चाललेल्या डोंगरफोडीविरुद्धची माझी पत्रकं वाचून मात्र तोंड वाकडं करायचे. "विशेषणं फार. मार कुठं बसतो ते लिही."

गेल्या वर्षी बंगल्यांच्या प्लॉटवाल्याने फेरीची वाट तारेने अडवली. पालखी एकदा माघारी फिरली, की इथे वहिवाट नव्हतीच म्हणायला तो मोकळा. फेरीच्या दिवशी त्याची माणसं लोखंडी पाइप घेऊन उभी होती. पहिला फटका आबांच्या खांद्यावर बसला. आमच्या पोरांनी दगड उचलले. डोकी फुटली, दात पडले, भंडाऱ्यावर रक्त सांडलं. तेवढ्यात सर गरजले, "ओढ्यातून चला. वेढा फुगू दे, तुटू देऊ नका."

पालखी ओढ्यात उतरली. पाइपवाले मागे धावले, तर काठावर सर आडवे उभे. त्यांनी सरांचा चेहरा ठेचला. पालखी पलीकडे चढली, फेरी पुरी झाली, सरांचा डोळा गेला. दंगलीच्या गुन्ह्यात पहिलं नाव सरांचंच. मारणाऱ्यांचं एकही नाही. पत्रकात मी एवढंच छापलं, विशेषणाशिवाय.

जखमा भरल्यावर सरांचा भाऊ त्यांना नांदेडला न्यायला आला. मी सरांना सांगितलं, प्लॉटवाल्याने आता ओढ्यातही भिंत घातली, पार रस्त्यापर्यंत. ते दुसरा वळसा सुचवतील असं मला वाटलं.

"वळशाला जागाच ठेवली नाही म्हणजे," सर म्हणाले. "मग माझं गणित इथं संपलं. घरात पहार आहे का?"

"दादा, गाडीत बस," भाऊ म्हणाला.

सर हलले नाहीत. उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले.

"दोन आहेत, सर," मी म्हणाले.