पूर्णेकाठचे सहा दिवस, बिनधुपाचे

मंडपवाल्याकडून राहुटी आली, सहा दिवसांचं भाडं बारा रुपये. खुंट्या आणि दोर त्यातच. घोंगड्या दोन, शेजारणीच्या. ज्वारीचं पीठ आठ किलो, घरचं दळण. तुरीची डाळ, गूळ, शेंगदाण्याची चटणी घरचीच. कंदिलासाठी रॉकेल, अडीच रुपये. आत्याबाईंच्या औषधाची बाटली चार रुपये. आणि धूप पावकिलो, दोन रुपये. तेवढा मात्र मी घासाघीस न करता घेतला. देवाच्या वस्तूचा भाव करू नये.

आपल्या मंडळाच्या हस्तलिखितासाठी हे लिहिते आहे, कारण अंक फिरतो त्या गावांतून बऱ्याच जणींनी विचारलं की राहुटीत राहायचं हे खूळ कुठून निघालं. खूळ नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दम्याने हैराण झाल्या होत्या. दिवेलागण झाली की छाती वाजायला लागायची. मग उशांना टेकून बसल्या की पहाटेपर्यंत बसलेल्याच. यंदा तर ओठ निळे पडायला लागले. नव्या जालन्यातले डॉक्टर म्हणाले, धुरापासून जपा आणि हवापालट करा. चूल मी वर्षापूर्वीच बंद केली होती, स्टोव्ह घेतला होता. राहिला हवापालट. थंड हवेच्या गावी जाण्याची आमची ऐपत नाही. यांच्या दुकानातले एक कारकून जाफराबादकडचे. ते म्हणाले, "आमचं वावर पूर्णेच्या काठाला आहे. झाडी दाट आहे, भाडं काही नाही. पण छप्पर तुमचं तुम्ही न्या."

शिवरात्र झाल्यावर निघालो. मुलं नणंदेकडे ठेवली. एस.टी.चं तिकीट माणशी साडेतीन रुपये, राहुटीचं गाठोडं टपावर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, सर्कस कुठं लावू राह्यले?" आत्याबाई खोकता खोकता म्हणाल्या, "तुझ्या दारात. तिकीट काढून ये." जाफराबादहून पुढे दीड कोस बैलगाडी, दोन रुपये. रस्ता खडबडीत आहे. म्हातारं माणूस असेल तर गाडीत कडबा जास्त टाकायला सांगा.

जागा पाहून मात्र शीण गेला. नदीला पाणी कमी, पण डोह स्वच्छ. काठाला करंज, जांभूळ आणि एक भला थोरला अर्जुनसादडा. समोर वाळवंटात टरबुजांच्या वाड्या. यांनी सादड्याखालीच राहुटी ठोकली. सावली दाट, जमीन सपाट. दिवेलागण झाली तसा मी पेटीतला देव काढला, गोवरीचा निखारा धुपाटण्यात घेतला, धुपाची चिमूट उचलली. तेवढ्यात वाडीतून एक बाई ओरडत धावत आली. तिने कमरेवरची घागर धुपाटण्यावर रिकामी केली. निखारा चर्र झाला. माझं लुगडं भिजलं.

आत्याबाई उसळल्या. "अगं ए! देवाच्या विस्तवावर पाणी ओततेस? घरचं वळण हाय का न्हाई?"

"मंग काय तुमच्यावर माती ढकलायची व्हती, माय? वर बघा जरा!"

वर पाहिलं. फांदीला सुपाएवढं आग्या मोहोळ लोंबत होतं, काळं, चकाकतं. धूर लागला असता तर माश्या तुटून पडल्या असत्या, आणि आत्याबाईंना चार पावलंसुद्धा पळता येत नव्हतं.

बाईचं नाव सखूबाई, त्या वाड्या तिच्याच. ती म्हणाली, "वैर हाय त्यांचं धुराशी. धूर नका करू, त्या बिलकुल काही करत न्हाईत. चूल लांब वाळूत मांडा, माझ्या चुलीजवळ."

"आणि देवाचं काय?" मी विचारलं.

"तुमच्या देवाला डोळे न्हाईत का? फुलं वाहा."

अंधार झाला होता, राहुटी उद्या हलवू असं ठरलं. मी नुसता कंदील दाखवून आरती म्हटली, तीही हळू. आत्याबाई तोंड फिरवून बसल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा देव उपाशी निजला," म्हणाल्या.

सकाळी जाग आली ती उजेडाने. खोकला ऐकू येत नव्हता. कित्येक महिन्यांत अशी शांतता मी ऐकली नव्हती. यांना हलवलं. "अहो, उठा, आत्याबाई बघा." दोघं घोंगडीपाशी गेलो. त्या आडव्या, चक्क आडव्या पडून, तोंड उघडं टाकून घोरत होत्या. हे बाहेर जाऊन झाडाला टेकून उभे राहिले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले.

उठल्यावर त्याच म्हणाल्या, "राहुटी हलवू नका. जागेला गुण हाय." मोहोळाखाली राहायची भीती होतीच, पण आम्ही मोडता घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या वाळवंटात चालल्या. तिसऱ्या दिवशी सखूबाईच्या वाडीत बसून तिच्याशी भांडत अर्धं टरबूज खाल्लं. पैसे देऊ केले तर सखूबाई म्हणाली, "भांडायला सोबत भेटली, तेच लई झालं."

चौथ्या संध्याकाळी त्यांनी हट्ट धरला, गावातल्या महादेवाच्या आरतीला जायचं. गेलो. गाभारा लहान, गुरवाने धूप घातला. आरतीचं दुसरं कडवं येईतो आत्याबाईंची छाती वाजायला लागली, तीच ती शीळ. बाहेर पारावर घटकाभर बसवलं तेव्हा श्वास खाली बसला.

तिथे पारावरच मला उमगलं. चूल बंद केली, यांची बिडी बंद केली, आणि रोज दिवेलागणीला त्यांच्या खाटेच्या उशाशी धुपाटणं फिरवत होते ती मीच. खोकला वाढला की धूपही वाढवत होते. धूर म्हटलं की चूल आठवते. देवाच्या धुपाला धूर कोण म्हणतं?

पण हे त्यांना सांगायचं कसं? धूप घालायला मला शिकवलं त्यांनीच. उरलेले दोन दिवस मी ते ओठांवर आणलं आणि गिळलं. एस.टी.त तर मनात हाच घोर, की आज संध्याकाळी घरात काय करू? धूप घातला तर त्यांचा जीव घाबरा, न घातला तर त्यांचा देव उपाशी.

घरी आलो. दिवेलागणीला देवापुढे बसले. सवयीने धुपाटणं हातात आलं, त्यात निखाराही होता. आत्याबाई खाटेवरून बघत होत्या.

"ते तुळशीपाशी ने," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळले.

"बघतेस काय? सखूच्या झाडाला होतं तसं मोहोळ माझ्या छातीत हाय. महादेवापाशीच कळलं मला. देव काही लांब न्हाई, त्याला अंगणातून वास येतो."

मी धुपाटणं अंगणात ठेवलं आणि तिथेच तुळशीला डोकं टेकून रडून घेतलं. महिना झाला, त्या आडव्या निजतात. पहाटे कधी थोडा खोकला येतो, नाही असं नाही.

जायचं असेल तर होळीच्या आत जा, नंतर ऊन सोसत नाही. डोहात पोरांना एकटं सोडू नका. राहुटी ठोकण्याआधी मान वर करून झाड बघा. आणि ज्यांच्या घरी असं वाजणारं माणूस असेल, त्यांनी पूर्णेकाठी जायच्या आधी आठ दिवस धूप अंगणात ठेवून बघावा. डॉक्टरांचं औषध मात्र सोडू नये. काय गुण येतो ते, आणि देव रागावला का तेही, मला उलट टपाली कळवावं. आमचा अजून तरी रागावलेला नाही.