सायलेन्सरची गाडी

पट्टा सुटत नव्हता. एक असता तर मी सोडला असता. चार होते, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, आणि चारही पोटावरच्या एका चकतीत अडकलेले. ती दाबायची की फिरवायची, मला माहीत नव्हतं. बॉनेटच्या फटीतून आधी धूर आला, मग जाळ. गाडी मूर्तिजापूरच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्यावर उभी होती. माझा भाचा उतरून मागे डिक्कीतून पाण्याची कॅन काढत होता.

"अरे गाढवा, मले काढ पयले!" मी ओरडले.

हा माझ्या भावाचा मुलगा. अमरावतीत त्याला सगळे सायलेन्सर म्हणत. गाडीचा कंपनीचा सायलेन्सर काढून त्यानं असा काही डबा बसवला होता, की तो गल्लीत शिरला की मांडणीवरचे पेले वाजत. शेजारीण भांडायला आली तर तिलाच म्हणाला, "काकू, आवाज आयका ना! शेर हाय शेर."

गाडी जुनीच. नागपूरच्या कोण्या शौकीन पोरानं पळवून पळवून सोडून दिलेली. लाल, बसकी, दोन दारांची. फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं ह्याचं दुकान बरं चाललं होतं. गाडी आली आणि दुकानाचं शटर दुपारपर्यंत उघडेना. रोज काहीतरी काढायचा नाहीतर लावायचा. मागची सीट काढली. स्टेपनी काढली. माझा भाऊ मोर्शीहून आला, गाडीत डोकावला आणि म्हणाला, "दोन मानसाची गाडी, त्यात एक हा सोता. पोट्टेबाट्टे काय टपावर बसवशीन?"

मग त्यानं एसी काढला. आमच्याकडच्या मे महिन्यात एसी काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"कावून काढला बाप्पा?"

"वजन, आत्याबाई. वजन कमी तं गाडी हवा."

"मंग मलेही ठेव काढून. मी काय कापूस हावो?"

हसला. पण त्याच संध्याकाळी बसक्या सीटवर गोधडीची घडी शिवून घेतली, माझे गुडघे दुखतात म्हणून. ह्या एका गोष्टीवर मी विरघळायची आणि पुन्हा त्याच गाडीत बसायची.

बसणं म्हणजे शिक्षा. गाडी इतकी खाली आणलेली, की गतिरोधक आला की मला उतरवायचा, रिकामी गाडी तिरपी घालून पार करायचा, मग पुन्हा बसवायचा आणि पुन्हा बांधायचा. शर्यतीच्या गाडीतले ते पट्टे. चकतीला मला हात लावू देत नसे. "तुमी मोडसान, आत्याबाई. मी खोलतो ना." गावागावात लोक बघत उभे. पदर डोक्यावर घेतलेली म्हातारी रस्त्यानं पायी आणि तिची गाडी पुढे रिकामी.

त्या दिवशी मला अमरावतीहून अकोल्याला माझ्या घरी परत जायचं होतं. मी एसटीनं जाते म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. इंजिन काही दिवसांपासून तापत होतं. मिस्तरी म्हणाला होता, ऊन उतरेपर्यंत लांब नेऊ नको. ह्यानं काय करावं? घरातल्या कुलरची गवताची ताटी सोडवली, पाण्यात भिजवली आणि गाडीच्या पुढच्या जाळीमागे इंजिनाला लागून कोंबली.

"हे काय?"

"एवढं घर थंड होते, इंजिन नाई होनार?"

"अन सुकली मंग?"

"रस्त्यानं पानी टाकू ना."

बडनेऱ्याला टाकलं. मूर्तिजापूरला टाकायचं होतं. मी आठवण केली. तो म्हणाला, "आत्ता लय मस्त चालून राह्यली, थांबवाव नाई वाटत." गवत वाळलं. वारा आत जायची वाटही त्यानंच बंद केलेली.

माझी हाक ऐकून तो कॅन टाकून आला. चकती एका हातानं फिरवली. इतकं सोपं होतं. मला ओढून काढलं, बाभळीखाली नेऊन बसवलं, पदर झटकून कुठे पेटला नाही ना बघितलं. रडवेला झाला होता. मला वाटलं, संपलं.

तो उठला.

मी त्याचा सदरा धरला. "जळू दे तिले. बस इथं."

"ताटी तेवढी ओढतो, आत्याबाई. एकच मिनिट." सदरा सोडवून घेतला, कॅन उचलली आणि गेला. "नको ना रे," मी म्हणत राहिले. त्यानं बॉनेट उघडलं. आत वारा शिरला आणि कोंडलेला जाळ एकदम त्याच्या अंगावर आला.

त्या गाडीत आम्ही दोघं होतो. मी वाचले.