मुद्द्याचं बोल, मैसून

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं. मिस हयामने वाचलं तर पहिलंच वाक्य खोडून विचारणार, "मुद्दा कुठंय?" पण राहवत नाहीये, म्हणून लिहितेय भराभर.

जॉर्डनमध्ये, इर्बिदला आमच्या विद्यापीठाच्या रस्त्यावर, फलाफलवाल्याच्या वर तिचा क्लास आहे. अम्मानच्या कॉल सेंटरवाले मुलाखतीत इंग्रजीत विचारतात ना, तुम्ही लोकांशी कसं बोलता म्हणून? त्याचे शब्द ती शिकवते. फळ्यावर एका बाजूला चांगले शब्द. कन्साइज, म्हणजे थोडक्यात बोलणारा. असर्टिव्ह, म्हणजे न भांडता ठामपणे सांगणारा. दुसऱ्या बाजूला एकच, रॅम्बलिंग. बोलता बोलता भरकटणारा. "म्हणजे आपण सगळे," असं ती म्हणायची आणि अख्खा वर्ग हसायचा.

तिची धाकटी बहीण मैसून तर भरकटणाऱ्यांची राणीच. आई गेल्यावर हयामनेच तिला वाढवलं. मीठ कुठंय विचारलं तरी मैसून शेजारच्या उम्म फादीच्या गुडघेदुखीपासून सुरुवात करायची. मुलाखतीत आधी साहेबाची तब्येत, मग त्याच्या आईची, मग यंदा जैतुनाला तेल कसं सुटलं. हे न विचारणं म्हणजे आपल्याकडे उद्धटपणाच! पण साहेब घड्याळ बघायचा आणि मैसून हात हलवत परत यायची.

मग हयामने तिला चांगली घोटून घेतली. भांडी घासता घासता मुलाखती.

"मुद्द्याचं बोल, मैसून."

"अगं ताई, निदान सलाम तरी?"

"एकच सलाम. पुढे."

आणि लागली की नोकरी! मैसून अम्मानला राहायला गेली. दर शुक्रवारी फोन यायचा. "बरी आहे ताई. जेवले. काम ठीक. तू? बरं, ठेवते."

फोन बंद झाला तरी हयाम तो कानाला लावून बसायची.

"काय म्हणाली पोर?" उम्म फादी भिंतीपलीकडून विचारायची.

"बरी आहे म्हणाली."

"बस्स? तिच्या तोंडाला कुलूप लावलं की काय कुणी?"

हयाम फोन खाली ठेवायची. घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिजची घरघरसुद्धा तिला सोबत वाटायची. वर्गात कन्साइज लिहिताना तिचा खडू मध्येच थांबायचा. आम्हाला वाटायचं, थकली असेल.

एका शनिवारी न कळवता तिने अम्मानची बस धरली. मैसूनने दार उघडलं, गळ्यात पडली, वेलदोडा घालून कॉफी केली. हयामने कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

मैसून बघतच राहिली. मुलीला मागणी घालायला आलेले वडीलधारे असा कप ठेवतात. समोरचा हो म्हणेपर्यंत ओठ लावायचा नाही.

"ताई, अगं मागणी घालायला आलीस? मुलगा कोण? टक्कल नाही ना?"

"मीच आहे."

"काय?"

"मला माझी मैसून परत दे. ती भरकटणारी."

मैसून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "फोन लावते तेव्हा खूप सांगायचं असतं गं. पण तुझा आवाज ऐकला की वाटतं, तू मनात मुद्दा, मुद्दा म्हणतेयस. मग ठेवून देते."

हयामने तिचा हात धरला. "ते साहेबासाठी होतं गं. माझ्यासाठी नव्हतं."

"दिली परत, ताई. पी आता."

कॉफी पार गार झाली होती. हयाम ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

पुढच्या शुक्रवारी फोन आला. "बरी आहे ताई." "जेवले. काम ठीक." आता ठेवते म्हणणार, असं हयामला वाटलं. "आणि ऐक ना, आमच्या जिन्यात एक मांजर आहे, तिची मालकीण म्हणजे..." मैसून बोलत राहिली. हयामचा चहा निवला. ऐकता ऐकता तिने मैसूनची खुर्ची जवळ ओढली. रिकामीच.

हे सगळं मिसनेच आम्हाला सांगितलं. भर वर्गात, भरकटत भरकटत. तास संपला तरी कुणी उठलं नाही.

तुमचंही कुणीतरी असेलच, "बरी आहे, ठेवते" म्हणणारं. फोन नका करू. प्लीज, लवकर जाऊन भेटा. आणि कॉफी दिली तर लगेच पिऊ नका.